गेन्शिन इम्पॅक्ट

गेन्शिन इम्पॅक्ट हा चीनमधील मिहोयो या कंपनीने तयार केलेला, ॲनिमे शैलीतील क्रियाप्रधान भूमिकापालन (ॲक्शन रोल-प्लेइंग) प्रकारचा व्हिडिओ गेम आहे. तो २८ सप्टेंबर २०२० रोजी विंडोज संगणक, प्लेस्टेशन ४, अँड्रॉइड आणि आयओएस यांवर एकाच वेळी प्रकाशित झाला. पुढे एप्रिल २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ वर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांवर तो उपलब्ध झाला. चीनबाहेर हा खेळ 'होयोव्हर्स' या नाममुद्रेखाली प्रसिद्ध केला जातो. खेळ उतरवून घेण्यास व खेळण्यास शुल्क नाही. त्याचे उत्पन्न खेळांतर्गत खरेदीतून, मुख्यतः 'विश' या सोडतीसारख्या पद्धतीतून येते. ही पद्धत खेळाच्या लोकप्रियतेइतकीच त्याच्यावरील टीकेचेही कारण ठरली आहे.

वर्गीकरण

'ॲनिमेवर आधारित खेळ' या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ होतात. पहिल्या प्रकारात एखाद्या प्रसिद्ध ॲनिमे मालिकेची कथा व पात्रे घेऊन खेळ तयार केला जातो. 'ड्रॅगन बॉल झेड: काकारोट' हे त्याचे उदाहरण होय. दुसऱ्या प्रकारात कथा स्वतंत्र असते, परंतु रेखाटन, संवादफेक, पात्रांची वेशभूषा आणि पार्श्वसंगीत ॲनिमेच्या वळणाचे असते. गेन्शिन इम्पॅक्ट या दुसऱ्या प्रकारात मोडतो. येथे क्रम उलटाही झाला आहे. आधी खेळ आला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये जपानमधील युफोटेबल या संस्थेच्या सहकार्याने त्यावर ॲनिमे तयार करण्याचा दीर्घकालीन प्रकल्प जाहीर झाला. त्यामुळे आधी मालिका पाहून मग खेळाकडे वळावे, अशी येथे गरज नाही.

'भूमिकापालन' म्हणजे खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका स्वीकारतो व त्या पात्राचे सामर्थ्य टप्प्याटप्प्याने वाढवत नेतो. 'क्रियाप्रधान' या शब्दाचा अर्थ असा की, लढाई आळीपाळीने डाव टाकून होत नाही, तर प्रत्यक्ष वेळेत, बटण दाबल्याक्षणी होते.

निर्मिती

मिहोयोची स्थापना शांघाय च्याओ तोंग विद्यापीठात शिकलेल्या त्साय हाओयू, ल्यू वेई आणि लुओ युहाओ या तिघांनी केली. गेन्शिन इम्पॅक्टचे काम २०१७ च्या प्रारंभी सुरू झाले. त्यासाठी युनिटी हे गेम इंजिन वापरले गेले. प्रकाशनापर्यंतचा निर्मितिखर्च सुमारे १० कोटी अमेरिकी डॉलर असल्याचे प्रसिद्ध झाले होते. मोबाईलवर चालणाऱ्या खेळासाठी ही रक्कम त्या काळी असाधारण होती.

जून २०१९ मध्ये खेळाची पहिली दृश्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा निन्टेंडोच्या 'द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या खेळाशी असलेल्या साम्यावरून वाद झाला. त्याच वर्षी शांघायमधील चायनाजॉय या प्रदर्शनात एका प्रेक्षकाने निषेध म्हणून आपले प्लेस्टेशन ४ जमिनीवर आपटून फोडले. डोंगरकडे चढणे, हवेत तरंगत उतरणे आणि चढताना दम संपणे या गोष्टींत साम्य आहेच. मात्र चार पात्रांचा संघ आणि तत्त्वांच्या परस्परक्रिया यांवर उभी असलेली लढाई ही गेन्शिनची स्वतःची आहे. २०२१ च्या द गेम अवॉर्ड्समध्ये या खेळाला सर्वोत्कृष्ट मोबाईल गेमचा पुरस्कार मिळाला.

कथानक

जगाजगांतून प्रवास करणारी जुळी भावंडे तेवात नावाच्या जगातून बाहेर पडत असताना एक अज्ञात देवता त्यांना अडवते व एकमेकांपासून वेगळे करते. खेळाडू या दोघांपैकी एकाची (मुलाची किंवा मुलीची) निवड करतो. उरलेल्या भावंडाचा शोध हे कथेचे मुख्य सूत्र होय. सोबत पायमॉन ही उडती, बडबडी वाटाड्या असते. तेवातमध्ये सात राष्ट्रे असून प्रत्येकाचे एक तत्त्व आणि एक अधिदैवत आहे. माँडश्टाट हे जर्मन, लीयुए हे चिनी, इनाझुमा हे जपानी आणि फोंतेन हे फ्रेंच वळणाचे राष्ट्र आहे. राष्ट्रे एकेक करून खेळात जोडली गेली: इनाझुमा जुलै २०२१, सुमेरु ऑगस्ट २०२२, फोंतेन ऑगस्ट २०२३ आणि नाटलान ऑगस्ट २०२४.

खेळाची सुरुवात

पहिला निर्णय लढाईचा नसून सर्व्हरचा असतो. अमेरिका, युरोप, आशिया आणि तैवान-हाँगकाँग-मकाव असे चार सर्व्हर आहेत. एका सर्व्हरवरील प्रगती दुसऱ्यावर नेता येत नाही, आणि वेगवेगळ्या सर्व्हरवरील मित्रांना एकत्र खेळताही येत नाही. भारतातील खेळाडूला आशिया सर्व्हर सोयीचा पडतो. परदेशातील नातलगांसोबत खेळायचे असल्यास हे आधीच ठरवून घ्यावे लागते. खाते उघडताना स्वतःचा, पुढे बंद न होणारा ईमेल जोडणेही तितकेच आवश्यक आहे. अनेक महिन्यांची प्रगती याच एका धाग्यावर अवलंबून असते. 'मोफत प्रायमोजेम' देऊ करणारी संकेतस्थळे आणि खाते विकत देणारे लोक यांच्यामुळे खाती गमावल्याचे प्रकार घडतात.

दुसरी अडचण जागेची आणि डेटाची. मोबाईलवर हा खेळ वीस-पंचवीस गिगाबाईटपेक्षा अधिक जागा घेतो, आणि दर सुमारे सहा आठवड्यांनी येणाऱ्या नव्या आवृत्तीसोबत आणखी भर पडते. रोज दीड गिगाबाईट डेटा मिळणाऱ्या योजनेवर पंचवीस गिगाबाईट उतरवायला सतरा दिवस लागतील. पुणे शहरात ब्रॉडबँड असलेल्या घरात हे काम एका रात्रीत होते. सोमेश्वरनगरसारख्या (ता. बारामती) साखर कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्या आणि केवळ मोबाईल डेटावर विसंबणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र हा हिशेब आधी मांडावा लागतो. पूर्ण झालेल्या कथाभागांची सामग्री काढून टाकण्याची सोय खेळातच आहे. ती वापरल्यास बरीच जागा मोकळी होते. खेळ एकट्याने खेळला तरी इंटरनेट सतत चालू असावे लागते.

प्रत्यक्ष खेळ समुद्रकिनाऱ्यावर सुरू होतो. वाटेत भेटणाऱ्या 'सप्तदेवतांच्या मूर्ती'ला स्पर्श करताच प्रवाशाला वायुतत्त्व (अनेमो) प्राप्त होते आणि नकाशाचा तेवढा भाग उलगडतो. या मूर्ती जखमी पात्रांना बरेही करतात. नकाशावरील प्रवासबिंदू एकदा उघडले की तेथे क्षणात पोहोचता येते. म्हणून नवख्याने शत्रूच्या मागे धावण्यापूर्वी दिसेल तो प्रवासबिंदू उघडत जाणे हितावह असते. मूर्तींना विशिष्ट वस्तू अर्पण केल्यास दमाची कमाल मर्यादा १०० वरून २४० पर्यंत वाढते. चढणे, पोहणे, धावणे आणि तरंगणे या सर्वांना हाच दम लागतो. पोहताना तो संपला तर पात्र बुडते, आणि नवख्यांची पहिली फजिती बहुधा हीच असते.

कथेच्या प्रस्तावनेत ॲम्बर (अग्नी, धनुष्य), केया (हिम, तलवार) आणि लिसा (विद्युत, मंत्रग्रंथ) ही तीन पात्रे विनामूल्य मिळतात. ॲम्बर प्रवाशाला तरंगण्याचे पंखही मिळवून देते. प्रवासी धरून चौघांचा संघ येथेच पूर्ण होतो. या चौघांकडे चार वेगळी तत्त्वे आहेत, हा योगायोग नाही. खेळाचा पाया असलेल्या परस्परक्रिया शिकवण्यासाठीच ही मांडणी केलेली आहे. महागडी पात्रे हाती लागण्याआधी या चौघांशी नीट ओळख करून घेणारा खेळाडू पुढे कमी अडखळतो.

तत्त्वे आणि परस्परक्रिया

खेळात सात तत्त्वे आहेत: वायू (अनेमो), पृथ्वी (जिओ), विद्युत (इलेक्ट्रो), वनस्पती (डेंड्रो), जल (हायड्रो), अग्नी (पायरो) आणि हिम (क्रायो). पंचमहाभूतांशी परिचित असलेल्या वाचकाला यातील चार नावे ओळखीची वाटतील. आकाशतत्त्व मात्र येथे नाही.

एखाद्या तत्त्वाचा वार झाल्यावर ते तत्त्व काही क्षण शत्रूच्या अंगावर राहते. तेवढ्यात दुसऱ्या तत्त्वाचा वार झाला की परस्परक्रिया घडते. येथे क्रमाला महत्त्व आहे. केयाने आधी हिमाचा वार केला आणि मग ॲम्बरने अग्निबाण सोडला, तर त्या बाणाचा आघात दुप्पट होतो. हाच क्रम उलटा केल्यास आघात दीडपट होतो. जल आणि अग्नी यांच्या जोडीतही असाच फरक आहे: अग्नीवर जलाचा वार दुप्पट, तर जलावर अग्नीचा दीडपट. जल व हिम एकत्र आले की शत्रू गोठतो. अग्नी व विद्युत यांचा स्फोट होऊन शत्रू दूर फेकला जातो. हिम व विद्युत यांच्या क्रियेने शत्रूची शारीरिक आघात सोसण्याची क्षमता काही काळ ४० टक्क्यांनी घटते. वायू दुसऱ्याचे तत्त्व उचलून आजूबाजूला पसरवतो. जल व वनस्पती यांतून फुटणारी बीजे तयार होतात.

हीच तत्त्वे भटकंतीतही उपयोगी पडतात. लाकडी ढाल घेतलेल्या शत्रूची ढाल अग्नीने जळते, विझलेले पलिते पेटवता येतात, आणि केयाच्या सामर्थ्याने पाणी गोठवत तळे पायी ओलांडता येते. याउलट जलाच्या गोळ्यावर (स्लाइम) जलाचा वार करून काहीच साधत नाही. पात्र बदलण्याचा आळस हेच नवख्यांच्या पराभवाचे सर्वसाधारण कारण असते, पात्राची दुर्बलता हे क्वचितच.

साहसश्रेणी आणि साधनसामग्री

पात्राच्या पातळीहून वेगळी अशी खेळाडूची स्वतःची साहसश्रेणी (ॲडव्हेंचर रँक) असते व ती ६० पर्यंत जाते. श्रेणी १२ वर रोजची चार कामे मिळू लागतात. ती पूर्ण करून साहसी संघाच्या कॅथरिनला भेटल्यास एकूण ६० प्रायमोजेम मिळतात. श्रेणी १६ वर इतरांसोबत खेळता येते. श्रेणी २० पासून 'जगाची पातळी' वाढू लागते, म्हणजे बक्षिसे सुधारतात आणि शत्रूही बळकट होतात. श्रेणी घाईने वाढवून पात्रांकडे दुर्लक्ष केले, तर कालपर्यंत सहज हरणारा शत्रू आज भारी पडतो.

पात्राची पातळी २०, ४०, ५०, ६०, ७० आणि ८० या टप्प्यांवर अडते. तेथे विशिष्ट रत्ने व वनस्पती गोळा करून 'आरोहण' करावे लागते. कमाल पातळी सामान्यतः ९० असते. ही सामग्री मिळवण्यासाठी 'मूळ राळ' (ओरिजिनल रेझिन) खर्च होते. राळ दर आठ मिनिटांना एक याप्रमाणे आपोआप साठते आणि २०० वर थांबते. पूर्वी ही मर्यादा १६० होती. रिकामा साठा पूर्ण भरायला २६ तास ४० मिनिटे लागतात. दिवसातून एकदा खेळ उघडणाऱ्याचे त्यामुळे नुकसान होत नाही. राळ वाया जाईल या धास्तीने सतत खेळ उघडणे अनावश्यक आहे. उत्तम प्रतीच्या 'कलावस्तू' (आर्टिफॅक्ट) निश्चितपणे श्रेणी ४५ पासून मिळू लागतात. त्याआधी त्यांच्यावर राळ घालवणे अनुभवी खेळाडू टाळतात. त्याऐवजी एक मुख्य आक्रमक पात्र, त्याचे शस्त्र आणि त्याच्या कौशल्यांची पातळी यांवर भर दिला जातो. आठ पात्रे अर्धवट वाढवण्यापेक्षा चार पूर्ण वाढवावीत, हा यातला सर्वांत जुना सल्ला आजही लागू पडतो.

विश पद्धत आणि खर्च

नवी पात्रे व शस्त्रे 'विश' करून मिळतात. जपानमध्ये नाणे टाकून बंद डबीतले खेळणे देणाऱ्या यंत्रांवरून अशा पद्धतीला 'गाचा' म्हणतात. एका विशसाठी १६० प्रायमोजेम लागतात. पात्रांच्या सोडतीत पंचतारांकित पात्र मिळण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे. सलग ८९ वेळा न मिळाल्यास नव्वदाव्या वेळी ते निश्चित मिळते. मात्र मर्यादित काळाच्या सोडतीत ते पात्र हवे तेच असेल अशी खात्री पहिल्या खेपेस नसते. नको असलेले पात्र आले तर त्यानंतरचे पंचतारांकित पात्र हवे तेच मिळते.

याचा हिशेब पुढीलप्रमाणे. नव्वद विश म्हणजे १४,४०० प्रायमोजेम. नशिबाने अजिबात साथ दिली नाही तर १८० विश, म्हणजे २८,८०० प्रायमोजेम लागतात. रोजच्या कामांतून मिळणारे ६० प्रायमोजेम धरले, तर केवळ त्यांच्या आधारे १४,४०० जमवायला २४० दिवस जातात. कथाभाग, पेट्या आणि उत्सवी कार्यक्रम यांतून बरीच भर पडते, त्यामुळे प्रत्यक्ष काळ कमी असतो. तरीही सोडत तीन आठवड्यांत संपते आणि साठवणुकीला महिने लागतात. खरेदीचा मोह या अंतरातूनच निर्माण होतो. शिवाय रुपयांतून स्फटिक, स्फटिकांतून प्रायमोजेम आणि प्रायमोजेममधून 'फेट' अशी तीन पदरी अदलाबदल असल्याने एका विशला नेमके किती रुपये पडले, हे चटकन लक्षात येत नाही.

पैसे न घालता खेळणाऱ्याने आरंभीच्या वीस विशांची 'नवशिक्यांची सोडत' जरूर घ्यावी. तेथे दहा विश आठ विशांच्या मोलात मिळतात, आणि पहिल्या दहांत नोएल हे ढाल व उपचार दोन्ही देणारे पात्र निश्चित मिळते. प्रायमोजेम कायमस्वरूपी सोडतीवर घालवू नयेत, त्यांनी राळही विकत घेऊ नये. श्रेणी २० नंतर खुल्या होणाऱ्या 'सर्पिल गर्ते'च्या (स्पायरल अबिस) तिसऱ्या मजल्यावर शियांगलिंग हे अग्नितत्त्वाचे पात्र विनामूल्य मिळते. चतुस्तारांकित असूनही ते अनेक महागड्या पात्रांहून उपयुक्त मानले जाते. खेळाचा कथाभाग पूर्णपणे विनामूल्य पात्रांनिशी पार करता येतो.

अशा सोडतींबाबत देशोदेशीचे नियम भिन्न आहेत. चीनमध्ये २०१७ पासून शक्यता जाहीर करणे बंधनकारक आहे. २०२१ च्या नियमानुसार तेथील १८ वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार व सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच वेळ ऑनलाइन खेळ खेळता येतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये या खेळाच्या प्रकाशक कंपनीसोबतची तडजोड जाहीर केली. तीनुसार कंपनीने २ कोटी डॉलर देण्याचे आणि पालकांच्या संमतीशिवाय १६ वर्षांखालील मुलांना अशा सोडती न विकण्याचे मान्य केले. मुलांची दिशाभूल आणि खऱ्या खर्चाची अस्पष्टता हे आयोगाचे मुख्य आक्षेप होते. भारतात २०२५ साली झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. विशमध्ये घातलेला पैसा कोणत्याही रूपात परत मिळत नाही. पालकांचे कार्ड किंवा युपीआय जोडलेल्या मोबाईलवर मूल हा खेळ खेळत असेल, तर ॲप स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीसाठी संकेतशब्द सक्तीचा करून ठेवणे हा सर्वांत साधा उपाय आहे.

सुमेरु आणि संस्कृत नावे

मराठी वाचकाला या खेळात अनपेक्षितपणे ओळखीचे शब्द भेटतात. आरोहणासाठी लागणाऱ्या रत्नांची नावेच पाहावीत. अग्नीचे अग्निदस, जलाचे वरुणद, विद्युतेचे वज्रद, वायूचे वायुद, पृथ्वीचे पृथिव, हिमाचे शिवद आणि वनस्पतीचे नागदस अशी ही नावे आहेत. सुमेरु हे राष्ट्र तर पुराणांतील मेरू पर्वताचेच नाव घेऊन येते. तेथील विद्यापीठाच्या सहा शाखांना 'दर्शन' म्हणतात. षड्दर्शनांची आठवण येथे साहजिक आहे, पण त्या शाखांची बहुतेक नावे प्राचीन इराणी परंपरेतील आहेत. अरण्यात राहणाऱ्या 'अरनारा' या चिमुकल्या प्राण्यांच्या दीर्घ कथामालिकेचे नाव 'आरण्यक' असून तिच्यात 'वरुण गाथा', 'अग्निहोत्र सूत्र' आणि 'उत्सव' असे भाग येतात. अरण्याला ग्रासणाऱ्या रोगाला तेथे 'मरण' असेच म्हटले आहे. इंग्रजी उच्चारात हे शब्द ऐकताना पहिल्यांदा ते ओळखूही येत नाहीत.

सुमेरुची रचना भारत, इराण आणि इजिप्त यांच्या मिश्रणातून झाली आहे. भिन्न संस्कृतींची सरमिसळ आणि पात्रांचा बहुतांशी गोरा वर्ण यांवर २०२२ मध्ये जोरदार टीका झाली. ती निराधार म्हणता येत नाही. या प्रदेशांतील वेशभूषा व शब्द घेतले गेले, पण तेथील माणसांचा रंग फारसा घेतला गेला नाही.

भारत आणि महाराष्ट्रातील संदर्भ

भारत सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पब्जी मोबाईलसह ११८ चिनी ॲपवर बंदी घातली. गेन्शिन इम्पॅक्ट त्यानंतर सव्वीस दिवसांनी प्रकाशित झाला आणि भारतात उपलब्ध राहिला. खेळातील मजकूर पंधरा भाषांत, तर संवाद चिनी, इंग्रजी, जपानी व कोरियन या चार भाषांत ऐकता येतात. यांत एकही भारतीय भाषा नाही. कथेतील संवाद लांबलचक असल्याने मराठी माध्यमातील विद्यार्थ्याला इंग्रजी वाचनाचा बराच भार पडतो. अनेक जण जपानी संवाद आणि इंग्रजी मजकूर अशी जोडी निवडतात.

महाराष्ट्रात या पद्धतीचा मोठा ॲनिमे शैलीतील खेळ तयार झालेला नाही. जवळचे उदाहरण पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या 'राजी: ॲन एन्शंट एपिक' या क्रियाप्रधान साहसी खेळाचे आहे. तोही २०२० सालचाच. ऑगस्टमध्ये निन्टेंडो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये संगणक, प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन यांवर तो आला. त्यात राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाचा शोध घेते आणि दुर्गादेवीकडून तिला त्रिशूळ मिळतो. भावंडाचा शोध हे सूत्र दोन्ही खेळांत समान असले, तरी 'राजी' एकदाच विकत घ्यावा लागतो, काही तासांत संपतो आणि त्यात सोडत नाही. लोकवर्गणीचा प्रयत्न अयशस्वी ठरल्यानंतर संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी स्वतःची सदनिका विकून त्याचे काम चालू ठेवले होते. २०२० च्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट खेळाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळाले, आणि पुढील सुधारित आवृत्तीत हिंदी संवादांची सोय करण्यात आली.